ओट्याखालचं कपाट: हप्ता संपेपर्यंत टिकेल ना?

पावसाळा ओसरला की गावोगावी घरांची कामं निघतात. कुणाचं घरकुल पुरं होतं, कुणी जुन्या घरात नवा ओटा घालतं. ओटा झाला की पुढचा विचार येतो तो ओट्याखालच्या कपाटांचा, ट्रॉल्यांचा. शहरातल्या नातेवाइकांकडे पाहिलेलं असतं, आपल्याकडेही तसं असावं असं वाटतं. त्यात गैर काहीच नाही. दिवसातले कितीतरी तास आपण त्या खोलीत काढतो.

पण आमच्याकडे या विषयावर जे प्रश्न आले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गटातून कर्ज काढलं, कपाटं झाली, दोन पावसाळ्यांत खालच्या फळ्या फुगल्या, दारं लागेनाशी झाली आणि हप्ते मात्र चालूच राहिले. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही एवढंच सांगणार आहोत: स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुठं काय वापरावं, आणि ते दुकानात कसं ओळखावं. सगळ्या कपाटाला एकच माल लावायचा ही सवय सोडली, तर कमी पैशात जास्त टिकणारं काम होतं.

आधी शत्रू ओळखा

कुठलाही माल निवडण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात फिरून चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट पाणी. भांडी घासताना उडणारं, फरशी धुताना कपाटाच्या पायाशी साचणारं, सिंकच्या नळीतून थेंब थेंब गळणारं आणि पावसाळ्यात भिंतीतून येणारं. दुसरी वाळवी. तिसरी उष्णता आणि धूर. चूल असेल तर हा प्रश्न मोठा. चौथी गोष्ट वजन. आपल्या घरात ज्वारी, गहू, तांदळाचे भरलेले डबे असतात, तेलाचे डबे असतात. शहरातल्या कपाटात दोन-दोन किलोच्या बरण्या ठेवतात, तसं आपलं नसतं.

हे चारही शत्रू प्रत्येक ठिकाणी सारखे नसतात. कोकणात पाऊस आणि खारी हवा, तिथं जांभ्याची भिंत ओल धरते आणि लोखंडाला गंज लवकर चढतो. मराठवाड्यात, माणदेशात हवा कोरडी, पण वाळवीचा त्रास असतो आणि उन्हाळ्यात कच्चं लाकूड आकसून फटी पडतात. म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या बहिणीच्या घरी टिकलं ते आपल्याकडे टिकेलच असं नाही.

दगड: जुना, पण खालच्या भागाला राजा

आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या घालायची पद्धत आहे. हा काळा दगड आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो, म्हणून त्याला ते नाव. पाण्याने तो फुगत नाही, वाळवी खात नाही, आगीला भीत नाही. मागे भिंतीला टेकवून आणि उभ्या फळ्यांवर ठेवून भरपूर वजन घेतो.

त्याच्या खोडी तीन. एक, हा चुन्याचा दगड आहे, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडून तसंच राहिलं तर पांढरट डाग पडतो. ओट्याच्या वरच्या बाजूला ग्रॅनाइट बरा तो यामुळे. खालच्या फळ्यांना कडप्पा चालतो. दोन, तो एकदम तडकतो. तीन फुटांपेक्षा लांब आडव्या फळीला मध्ये उभा आधार हवाच. तीन, त्याची कड धारदार राहिली तर हाताला लागते. पुढच्या कडा घासून गोल करून द्या असं मिस्त्रीला बसवण्याआधी सांगा, नंतर ते काम नीट होत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. वाळवी दगड खात नसली तरी दगडावरून चढून जाते. मातीची बारीक नळी करत ती वर येते. दगडावर ती नळी लगेच दिसते आणि मोडता येते, हा फायदा. फळ्यांच्या मागे पाहायला जागा राहील असं ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी लावून बघा.

प्लायवूड: नाव एक, जाती तीन

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे ठेवून, डिंक लावून, गरम करून दाबलेले. म्हणजे त्याची ताकद लाकडात आहे तेवढीच डिंकात आहे. पाणी लागल्यावर प्लाय उकलतो तो डिंक सुटल्यामुळे. म्हणून दुकानात "लाकूड कुठलं?" याच्याआधी "डिंक कुठला?" हे विचारायचं.

पहिली जात एमआर, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. दुकानदार याला कमर्शिअल प्लाय म्हणतात. हवेतली दमट सोसेल, इतकाच याचा अर्थ. नावात ओल आली म्हणून तो पाण्याला चालतो असं नाही. बाहेरच्या खोलीतल्या कपाटाला ठीक, ओट्याखाली नको.

दुसरी बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा डिंक लावलेला. स्वयंपाकघराच्या दारांना, फळ्यांना हा लागतो. या दोन्ही जाती भारतीय मानक आयएस ३०३ खाली येतात. त्यामुळे नुसता "३०३" हा आकडा पाहून समाधान मानू नका. त्याच्यापुढे एमआर लिहिलंय की बीडब्ल्यूआर, ते वाचा.

तिसरी जात मरीन प्लाय, मानक आयएस ७१०. याच्या तुकड्याला चाचणीत ७२ तास उकळतात आणि तरी पापुद्रे सुटता कामा नयेत. हा सगळ्यांत महाग. सिंकच्या आसपास लाकडाचं काही करायचंच असेल तर तेवढ्यापुरता घ्यावा.

दुकानदार तोंडी "वॉटरप्रूफ आहे ताई" म्हणतात. तो शब्द बाजूला ठेवा आणि शीटवरचा शिक्का पाहा. आयएसआय खूण, मानकाचा आकडा, जात, जाडी आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक, एवढं शिक्क्यात असायला हवं. तो परवाना क्रमांक बीआयएस केअर नावाच्या सरकारी मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. गटातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला दुकानात सोबत न्या. दोन मिनिटांचं काम आहे.

कडेकडून पाहिलं तर बीडब्ल्यूआर प्लायमध्ये पापुद्र्यांच्या मधल्या रेषा गडद तपकिरी दिसतात, एमआरमध्ये फिक्या. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग लावताही येतो. कडेला मधे पोकळ जागा दिसत असतील, बोटाच्या पेराने ठोकत गेल्यावर कुठं भरीव आणि कुठं पोकळ आवाज येत असेल, तर ते शीट ठेवून द्या.

खात्री करायची असेल तर एक घरगुती परीक्षा आहे. दुकानदाराकडून किंवा सुताराकडून त्याच शीटचा दोन बोटांचा तुकडा मागा. स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात, अंगणातल्या चुलीवर तो सहा-सात तास उकळा, मधे पाणी घालत राहा. पापुद्रे सुटले, कडा केसरासारख्या पिंजल्या, तर तो माल ओट्याखाली जाण्याचा नाही. या परीक्षेने शिक्क्याचं काम भागत नाही, पण उघड फसवणूक पकडली जाते.

भुशाचे बोर्ड: दिसायला छान, पाण्याला भित्रे

तयार कपाटं स्वस्तात मिळतात ती बहुतेक पार्टिकल बोर्डची किंवा एमडीएफची असतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा, काही ठिकाणी उसाची चिपाडं, डिंकात कालवून दाबलेली. एमडीएफमध्ये त्याहून बारीक तंतू असतात, म्हणून तो गुळगुळीत. वरून रंगीत कागदाचा थर चिकटवला की सागवानासारखाही दिसतो.

पाणी मिळालं की भुसा फुगतो आणि सुकल्यावर मूळ जागेवर परत येत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. भरलेल्या डब्यांच्या वजनाने लांब फळी मधे वाकते. म्हणून हा बोर्ड वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाला तो चालतो. ओट्याखाली मात्र स्वस्त पडतो असं वाटतं आणि महाग पडतो. ओळखायला सोपं: दार उघडून बिजागरीच्या भोकात किंवा न झाकलेल्या कडेला पाहा. पापुद्र्यांच्या रेषा दिसल्या तर प्लाय, भुसा दिसला तर बोर्ड.

पीव्हीसी, ॲल्युमिनियम, स्टील

पीव्हीसीचे बोर्ड पाण्याला आणि वाळवीला पुरून उरतात. सिंकखालच्या दाराला ते उत्तम. पण उष्णतेने ते मऊ पडतात, आणि पेटले तर विषारी धूर होतो. चुलीजवळ, शेगडीला लागून ते लावू नका. आमचा साधा नियम असा: स्वयंपाक चालू असताना जिथं हाताला झळ लागते, तिथं पीव्हीसीही नको आणि प्लायही नको, तिथं दगड किंवा धातू. पातळ, पोकळ पीव्हीसी पट्ट्यांच्या दारांत स्क्रू नीट धरत नाही. भरीव बोर्ड घ्या आणि दोन शीटपैकी जड ते निवडा.

ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं हलकी असतात, गंजत नाहीत, वाळवी खात नाही. ठोकर लागली तर पोचा पडतो, एवढंच.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील". हे अर्धवट आहे. २०२ जातीचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि ते ओलीत, विशेषतः खाऱ्या हवेत, लवकर गंजतं. चुंबकाने फक्त अगदी हलका माल बाजूला पडतो. म्हणून पावतीवर "३०४" लिहून घ्या. कोकणातल्या बहिणींनी तर नक्कीच.

खरं लाकूड

सागवानाच्या आतल्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं फिकट लाकूड मात्र सागाचं असलं तरी ती खाते. म्हणून "सागवान आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका, फळीत फिकट पट्टा किती आहे ते पाहा. जुने वाडे पाडले की त्यातल्या तुळया, खांब विकायला येतात. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे वाकत नाही. दारांच्या चौकटीला ते फार चांगलं. फक्त आत जुने खिळे आहेत का ते सुताराला पाहायला सांगा. कोकणात फणसाचं लाकूड टिकाऊ म्हणून वापरतात. आंब्याचं स्वस्त आणि कापायला सोपं असलं तरी कीड लवकर धरतं. घरचं झाड तोडून लगेच फळ्या काढल्या तर त्या वाळताना वाकतात. कापलेल्या फळ्या सावलीत, मधे पट्ट्या ठेवून पूर्ण वाळू द्याव्या लागतात.

हिशोब मांडून पाहू

आता मुद्द्याची गोष्ट. समजा ओटा ८ फूट लांब, २ फूट खोल आहे. खाली ४ इंचांचा दगडी पाया सोडून दारांची उंची २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट. आत चार खण, मधे एक आडवी फळी.

सगळं प्लायमध्ये केलं तर पाच उभ्या फळ्या मिळून साडेबावीस चौरस फूट, तळ १६, आडवी फळी १६ आणि दारं १८. एकूण साडेबहात्तर चौरस फूट. प्लायचं एक शीट ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फुटांचं. तुकडे बसवून पाहिले तर पुरी तीन शीट लागतात.

आता उभ्या फळ्या, तळ आणि आडवी फळी कडप्प्याची केली, तर प्लाय लागतो फक्त दारांना. एक फूट रुंदीची आठ दारं एका शीटमध्ये निघतात, वर तुकडेही उरतात. म्हणजे तीन हलक्या शीटऐवजी एकच शीट घ्यायचं, आणि ते चांगल्या जातीचं घ्यायला हात मोकळा होतो. कडप्प्याचा खर्च साडेचोपन्न चौरस फुटांचा. आपल्या गावातल्या दुकानात दोन्हींचे चौरस फुटाचे दर विचारा, कागदावर मांडा आणि तुलना करा. कडप्पा बसवायची मजुरीही त्यात धरा. एक अडचण आधीच सांगतो: कडप्प्याला थेट बिजागरी बसत नाही. पुढच्या बाजूला सागवानाची किंवा ॲल्युमिनियमची बारीक चौकट करावी लागते, दारं तिला लागतात. तोही खर्च मांडायला विसरू नका.

या मांडणीत ओलीशी गाठ पडणारा भाग दगडाचा राहतो. उद्या एखादं दार खराब झालं तर तेवढं बदलता येतं, अख्खं कपाट मोडावं लागत नाही.

वरच्या बाजूच्या, भिंतीवर टांगायच्या कपाटांचा विचार वेगळा. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत, भरलेलं कपाट डोक्यावर येऊ शकतं. अशा घरात भिंतीतलं जुनं फडताळच राखावं आणि त्याला नवं दार लावावं. ती जागा फुकट मिळालेली आहे.

सुताराला काय सांगायचं

माल चांगला असूनही काम बिघडतं ते कडांमुळे. प्लाय पाणी पितो तो कापलेल्या कडेतून. म्हणून दाराच्या चारही कडा, खालचीसुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्या. खालची कड दिसत नाही म्हणून तीच उघडी राहते आणि पाणी तिथंच लागतं. सनमायका फक्त बाहेरून लावला तर दार वाकतं. आतूनही पातळ थर हवा. बिजागऱ्या गंज न धरणाऱ्या घ्या.

नव्या प्लायला, बोर्डाला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. तो डिंकातल्या फॉर्मल्डिहाइड नावाच्या वायूचा. काम झाल्यावर काही दिवस दारं उघडी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, मगच धान्य आणि पीठ आत ठेवा. वाळवीची औषधं धान्याच्या कपाटात आपल्या हाताने फवारू नका. ते काम बांधकामाच्या वेळी, पायाच्या मातीत, माहीतगार माणसाकडून करून घ्यायचं असतं.

गॅसची टाकी कपाटात असेल तर

हा भाग नीट वाचा आणि गटात मोठ्याने वाचून दाखवा. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, खाली साचतो. बंद दाराच्या कपाटात टाकी ठेवली आणि गळती झाली तर गॅस आतच कोंडून राहतो आणि एका ठिणगीने घात होतो. म्हणून टाकीच्या खणाला दार लावूच नका, किंवा लावलं तर दाराला खाली आणि वर मोठ्या जाळ्या ठेवा. टाकी उभीच ठेवायची आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर. टाकीखाली प्लायचा तळ नको, दगडी फरशी असू द्या.

गटाने मिळून काय करता येईल

कर्ज मंजूर करताना आपण रक्कम आणि हप्ते लिहितो. त्याच कागदाच्या मागे माल लिहायची पद्धत गटाने सुरू करावी असं आम्हाला वाटतं. कपाट ही कमाई देणारी वस्तू नाही. शेळी, शिलाई मशीन आपला हप्ता स्वतः काढते. कपाटाचा हप्ता आपल्या मजुरीतून जातो. म्हणून ते निदान हप्त्यांपेक्षा जास्त वर्षं टिकलं पाहिजे.

तीन-चार घरांचं काम एकदम निघत असेल तर माल एकत्र घ्या. भाव करता येतो, भाडं वाटून जातं, एकाच्या शीटमधले उरलेले तुकडे दुसरीच्या खणाला लागतात. पावती पक्की घ्या आणि तिच्यावर मानकाचा आकडा, जात आणि जाडी लिहून घ्या. सुताराशी ठरलेलं कागदावर उतरवा. सगळे पैसे आधी देऊ नका. दारं नीट लागतात, कडा बंद आहेत, हे आपण स्वतः खाली बसून पाहिल्यावर शेवटचा हिस्सा द्या.

आणि खरेदीला स्वतः जा. त्या ओट्याशी कोण उभं राहतं, फरशी कोण धुतं, डबे कोण उचलतं, हे दुकानदाराला माहीत नसतं आणि बऱ्याचदा सुतारालाही नसतं. आपल्याला माहीत असतं.

जाता जाता चार ओळी वहीत लिहून ठेवा:

- तळाला आणि उभ्या फळ्यांना दगड. शेगडीजवळ दगड किंवा धातू.
- दारांना बीडब्ल्यूआर प्लाय, सिंकखाली पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम.
- भुशाचा बोर्ड ओट्याखाली नाही.
- टाकीच्या खणाला हवा खेळती, कपाटाचा पाया जमिनीपासून चार इंच वर.

पुढच्या बैठकीत एखादीने आपल्या ओट्याचं माप आणावं आणि सगळ्यांनी मिळून असाच हिशोब मांडून पाहावा. अडलं तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.